अंगणातला जखमी किडा: उचलायचा, राहू द्यायचा की संपवायचा?

मे महिन्यात सकाळी सहाला कूलरच्या टाकीत नळी सोडायला गेलं, की नागपुरात आमच्याकडे रोज दोन-चार मधमाश्या पाण्यावर आडव्या पडलेल्या असतात. त्या का येतात हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. पोळ्यातल्या अळ्यांना साधारण ३४-३५ अंशांची ऊब लागते. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकला, की कामकरी माश्या पाणी आणून पोळ्यात पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणजे स्वतःचा कूलर चालवायला त्या आमच्या कूलरचं पाणी भरायला येतात, आणि पाय घसरला की त्यातच पडतात.

मागच्या आठवड्यात शेजारची नऊ वर्षांची पोरगी भिंतीवरून डोकावली. "काकू, ह्या मेल्या का जी?" म्हटलं, थांब, एवढ्यात कोणाला मेलं म्हणू नको. पाचही माश्या बदामाच्या वाळक्या पानानं उचलल्या आणि व्हरांड्यातल्या सावलीत वर्तमानपत्रावर ठेवल्या. अर्ध्या तासात चौघींनी पुढच्या पायांनी मिशा पुसल्या, पोट वरखाली केलं आणि एकेक करून निघून गेल्या. पाचवीचा उजवा पुढचा पंख मुळापासून गेला होता. पंपाच्या जाळीत अडकला असावा. ती वर्तमानपत्रावर गोल गोल फिरत राहिली.

"आता हिचं काय करायचं?"

याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, म्हणून हा लेख. मी कीटकशास्त्र शिकलेली नाही. गच्चीवर बाग आहे, आणि मोहल्ल्यातली पोट्टी काडेपेटीत जे काही घालून आणतात ते पाहत पाहत शिकले. पहिल्यांदाच असा किडा हातात आलेल्यांसाठी क्रमाक्रमानं लिहिते.

पहिली पायरी: पाच मिनिटं काहीच करू नका

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "जखमी" म्हणून उचलून आणलेल्यांपैकी बरेच जण धडधाकट असतात.

कढीपत्त्याच्या कुंडीपाशी एक फुलपाखरू, पंख चुरगळलेले, खाली लालसर थेंब. पाहणाऱ्याला वाटतं, रक्त सांडलं. पण ते नुकतंच कोषातून निघालेलं असतं. आत साठलेला मळ ते अशा लाल-तपकिरी थेंबांनी टाकून देतं. मग पंखांच्या शिरांत द्रव भरून ते ताणायला आणि वाळवायला त्याला एक-दोन तास लटकून राहावं लागतं. या वेळात कोणी दयेपोटी त्याला तळहातावर घेतलं, तर पंख तसेच वाकडे वाळतात आणि ते जन्माचं अपंग होतं. लटकलेलं असेल तर हात लावू नका. जमिनीवर पडलेलं असेल तर खरखरीत काडी पायांसमोर धरा, ते चढलं की काडी कुंडीत उभी खोचा आणि आपल्या कामाला लागा.

मृग लागल्यावर पहिल्या सरीनंतर दिव्याखाली पंखांचा सडा पडतो आणि त्यात बिनपंखांचे किडे धावत असतात. ती वाळवी आहे. उडून झालं की ती आपले पंख आपणच गाळते. ढालकिडा, म्हणजे ठिपक्यांचा तो लाल गोल किडा, बोटात धरला की पायांच्या सांध्यांतून पिवळा द्रव सोडतो. तुम्ही त्याला जखम केलेली नाही, तो तुम्हाला "मी कडू आहे" एवढंच सांगतो. कित्येक भुंगेरे धक्का लागताच पाय आवळून मेल्याचं सोंग घेतात; पाच मिनिटांत उठून चालायला लागतात.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो. अशा सकाळी फुलावर थिजलेली माशी दिसली तर तिला काही झालेलं नसतं. कीटकाचं अंग बाहेरच्या हवेबरोबर गार होतं, आणि उडायचे स्नायू तापल्याशिवाय चालत नाहीत. ऊन येऊ द्या.

आणि म्हातारपण. पावसाळा सरता सरता विटक्या रंगाची, कडा झिजलेली फुलपाखरं दिसू लागतात. दोन्ही पंखांवर एकाच जागी एकसारखा त्रिकोणी तुकडा गेलेला दिसला, तर पंख मिटलेले असताना पाखरानं चोच मारली होती, आणि ते वाचलं होतं. उडतंय ना? मग जाऊ द्या.

दुसरी पायरी: उचलणं

बोटांनी नको. फुलपाखराच्या पंखावरची पूड म्हणजे बारीक खवले असतात, ते बोटाला लागून येतात. एक स्टीलचा पेला आणि एक जुनी लग्नपत्रिका, एवढं पुरतं. (पत्रिका फेकत नसालच. आमच्याकडे तर अख्खं कपाट भरलेलं आहे.) पेला वर पालथा घाला आणि पत्रिका खालून सरकवा. बारीक किड्यांसाठी रंगकामाचा मऊ, नवा ब्रश ठेवा. त्याच्या केसांना किडा स्वतः धरतो, तुम्हाला धरावं लागत नाही.

काहींना मात्र ब्रशनंच हात लावायचा, कितीही माया आली तरी. पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येणारा नारिंगी-काळा लांबुळका बारका किडा, ज्याला लोक ॲसिड फ्लाय म्हणतात, तो चावत नाही. पण कातडीवर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसानं भाजल्यासारखी जखम होते. काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला, फुलं खाणारा भुंगेरा फोड आणतो. केसाळ सुरवंट शेवग्याच्या खोडावर ढिगानं बसलेले असतात, त्यांचे केस अंगात रुततात. गांधीलमाशी अर्धमेली असली तरी नांगी मारते.

उंच इमारतीच्या छज्जाला किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ असेल, तर त्याच्याखाली पडलेल्या माशीला वाचवायला जायचंच नाही. तिथं एकीची दया करताना शंभर जणी अंगावर येतात. मधमाशीच्या डंखानं ज्यांना धाप लागते किंवा अंगभर गांधी उठतात, त्यांनी माशीचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावं.

तिसरी पायरी: जे वाचवता येतं ते आधी

बुडालेला किडा हा सगळ्यात सोपा रुग्ण. कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात आणि त्यातून हवा थेट आत जाते. पाण्यात छिद्रं बंद झाली की तो निपचित पडतो, पण लगेच मरत नाही. तेव्हा सावलीत, कोरड्या कागदावर ठेवा. पोटाखाली थेंब साचला असेल तर कागदाचा कोपरा लावून टिपून घ्या. पंख एकमेकांना चिकटले असतील तर ब्रशनं हलकेच सुटे करा. फुंकर घालू नका, केस वाळवायचं यंत्र तर नकोच. "उन्हात लवकर वाळेल" हा विचार मे महिन्यात जीवघेणा आहे. आपल्या गच्चीच्या फरशीवर दुपारी आपला तळवा टेकत नाही, तिथं तो भाजून निघेल. मी दोन-तीन तास वाट पाहते. त्यानंतरही मिशी किंवा पाय हलला नाही तर गेला समजते.

साबणाच्या बादलीत पडलेल्याचं अवघड असतं. साध्या पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण साबणानं मोडतो आणि पाणी छिद्रांतून आत शिरतं. स्वच्छ पाण्याचे दोन-तीन थेंब अंगावरून घालून साबण काढा, मग तसंच वाळवा. जमलं तर जमलं.

रसात, पाकात चिकटलेल्याला कोमट पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं सोडवता येतं. घाई नको, आधी पाय, मग पंख. उंदरांच्या चिकट पुठ्ठ्यावर मात्र एक सल्ला सर्रास ऐकू येतो: तेल लावा. पाल सुटते तेलानं. कीटकाची श्वासाची छिद्रं त्याच तेलानं बुजतात. तिथं वेळ न घालवता सरळ शेवटच्या पायरीकडे जा.

कपाटामागून निघालेल्या भुंगेऱ्याच्या पायांत धूळ आणि केस गुंडाळलेले असतात. ओढायचं नाही, ओढलं की पाय केसाबरोबर येतो. नखं कापायच्या बारीक कात्रीनं केस दोन-तीन जागी तोडा, बाकीचं तोच झटकतो. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून हेलिकॉप्टर उडवायचा खेळ आमच्या लहानपणी गल्लीगल्लीत चालायचा, अजून अधूनमधून दिसतो. जिला आपण शेपटी म्हणतो ते त्याचं पोट. त्यातच श्वासाची छिद्रं आणि हृदयाची नळी. गाठ सोडवत बसू नका, पुन्हा आवळली जाते. दोरा गाठीपाशी कापून टाका. मग पोराला ओरडण्याऐवजी त्याला सांगा, की पावसाळ्यात मैदानावर घिरट्या घालणाऱ्या त्या पिवळसर चतुरांची जात समुद्र ओलांडून पार पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते. आमच्या गल्लीतल्या एका पोट्ट्यानं त्यानंतर दोराच टाकून दिला. दुसऱ्यानं विचारलं, "मंग त्याले पासपोर्ट लागते का?"

फरशीवर उताणा पडून पाय झाडणारा गेंड्या भुंगेरा असेल, तर तो बहुतेक वेळा नुसता उताणाच असतो. गुळगुळीत टाइल्सवर त्याला पकड मिळत नाही. सरळ करा, मातीवर ठेवा. दहा सेकंदांचं काम.

चौथी पायरी: पाय, पंख, पोट

इथून पुढे खरा निर्णय.

पाय गेला असेल तर फारसं घाबरायचं कारण नाही. सहातला एक नसला तर चालतं, बऱ्याचदा दोन नसले तरी. नाकतोडा संकटात मागचा पाय स्वतःच सोडून देतो. तो ठरलेल्या सांध्यापाशी तुटतो आणि जखम लगेच बंद होते. झुरळं आणि खंडोबाचे किडे (पुढचे पाय जोडून बसणारे प्रार्थनाकीटक) लहान असतील तर पुढच्या कात टाकण्याबरोबर पाय थोडाथोडा परत येतो. मोठ्यांचा येत नाही.

पंखात भरून येण्यासारखं काही नसतं. तो फाटला की फाटला. फुलपाखरं मागचे पंख गेले तरी उडतात, वळणं घेताना थोडी अडखळतात. पुढचा पंख मुळापासून गेला की संपलं. कागदाचा पातळ तुकडा लावून पंख चिकटवणारी हौशी मंडळी आहेत, आणि त्यांना जमतंही. मी एकदा केलं. गोंद पसरला, दुसरा पंखही चिकटला, आणि जे फुलपाखरू निदान फुलावर बसून दोन दिवस काढू शकलं असतं ते माझ्या टेबलावर मेलं. नवख्यांनी या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

पोटाला भेग असेल आणि पारदर्शक किंवा हिरवट थेंब आला असेल तर थांबा. कीटकांचं रक्त लाल नसतं, पण गोठतं. थेंब वाळला आणि किडा चालायला लागला तर त्याचं त्यानं निभावलं. आतलं बाहेर आलं असेल तर ते आत जात नाही. आणि हळद लावू नका! दर वेळी कोणी ना कोणी लावतंच. पूड श्वासाच्या छिद्रांत बसते. मलम, डेटॉल, तेल, काहीच नको.

काही जण दिसायला धड असतात पण वाचणार नसतात. कीटकनाशकाच्या फवाऱ्यात सापडलेला किडा उताणा होऊन थरथरतो, कारण त्या औषधानं त्याच्या नसा बंदच होऊ शकत नाहीत, सतत चेतत राहतात. आपल्याला डंख मारून गेलेल्या मधमाशीची नांगी आपल्या कातडीत राहते आणि तिच्याबरोबर तिच्या पोटातला भागही. ती काही तासांचीच सोबती. आणि लिंबाच्या झाडावरच्या अळीच्या अंगावर पांढरी, तांदळाच्या कणीसारखी "अंडी" दिसली तर ती अंडी नसतात. एका बारक्या गांधीलमाशीच्या अळ्या तिला आतून खाऊन बाहेर आल्या आणि त्यांनी तिच्या अंगावर कोष विणले. कोष उपटून अळी वाचत नाही. एकाला वाचवताना दहांना मारायचं, तेही व्यर्थ.

तर प्रश्न तीन. त्याला खाता येतं का? जागचं हलता येतं का? आणि धडधाकट असता तर त्याच्याकडे दिवस किती असते?

तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. धावपळीच्या मोसमातली कामकरी मधमाशी सहा-एक आठवडे जगते, आणि बाहेर पाणी-पराग आणायला जाणाऱ्या या सगळ्यांत वयस्क. बरीच फुलपाखरं दोन ते चार आठवडे. म्हणजे विटलेलं, एका पंखाचं फुलपाखरू हातात आलं तर त्याला "बरं" करायचं नसतं. एक सावलीतलं फूल आणि एक मुक्काम मिळवून द्यायचा असतो. पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं "हो" असतील तर जगू द्या, नीट जागी ठेवा. दोन्ही "नाही" असतील तर संपवणं बरं. एक हो, एक नाही असेल तर रात्रभर थांबा, सकाळी बहुतेक उत्तर मिळालेलं असतं.

"मला बघवत नाही" हा या तिघांत कुठेच नाही. आपल्याला बघवत नाही म्हणून जगू शकणाऱ्याला चिरडणं, आणि आपल्यालाच सोडवत नाही म्हणून मरणाऱ्याला आठवडाभर डबीत ठेवणं, दोन्ही मी केलंय. रामटेककडून येताना एका ढाब्याच्या दिव्याखाली तळहाताएवढा, पंखांवर डोळे असलेला टसरचा पतंग सापडला होता, एक पंख फाटलेला. चार दिवस त्याला साखरपाणी पाजायचा प्रयत्न केला. पाय पाकानं माखले, मुंग्या आल्या. नंतर कळलं, आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे ज्याच्या कोषापासून रेशीम काढतात त्या पतंगाला मोठेपणी खायला तोंडच नसतं. जे खायचं ते अळी असताना, ऐन-अर्जुनाच्या पानांवर. पुढचं आठवडाभराचं आयुष्य त्या शिदोरीवर, आणि त्यातले चार दिवस मी घेतले.

त्याला दुखतं का?

हा प्रश्न येतोच. मधमाशीच्या मेंदूत साधारण दहा लाख पेशी असतात, आपल्या मेंदूपुढे चिमूटभर. पाय तुटलेला कीटक लंगडत नाही, त्यावर भार देऊन चालतो, अर्धा चिरडलेला असून खात राहतो. त्यावरून पूर्वी म्हणत, यांना वेदना नाही. पण २०२२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी बंबलबी नावाच्या गुबगुबीत माश्या लाकडी गोळ्यांशी खेळताना पाहिल्या, बदल्यात काही मिळत नसताना. २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका जातीच्या मुंग्यांबद्दल छापून आलं: सोबतिणीच्या मांडीला जखम असेल तर त्या तिचा पाय चावून तोडतात, खाली नडगीला असेल तर नुसती चाटून साफ करतात. मी यातून एवढंच घेते, की मुंगी जखमी असेल तर तिला वारुळाच्या वाटेवर ठेवावी. तिच्याकडे आपल्यापेक्षा बरे डॉक्टर आहेत.

आपल्या गावात हा प्रश्न नवा नाही. दीक्षाभूमीवर १९५६ पासून पंचशील घेणारे पहिलं शील प्राणिहत्या न करण्याचं घेतात. इतवारीतल्या जैन घरांत पाणी गाळून पितात ते नुसतं आरोग्यासाठी नाही. कायद्यातसुद्धा, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात "प्राणी" म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव. पण हेही खरं, की माझ्या कढीपत्त्यावर जिचे लाड होतात तीच लिंबाळी फुलपाखराची अळी काटोलच्या संत्रा बागेत कीड आहे, आणि माझा मावसभाऊ तिच्यावर फवारणी करतो. मी त्याला काही म्हणत नाही. त्याची कोवळी कलमं ती खाते, माझी नाही.

पाचवी पायरी: पाणी, साखर, जागा

फुलपाखराला एक भाग साखर, दोन भाग पाणी. मधमाशीला निम्मं निम्मं. साधी साखर; गूळ नको, आणि मधमाशीला मध मुळीच नको, कारण बाटलीतल्या परक्या मधातून पोळ्याचे रोग पसरतात. द्रव अंगावर टाकू नका. कापसाचा बोळा ओला करून पुढे ठेवा आणि फुलपाखराचे पुढचे पाय त्यावर टेकवा. त्याला चव पायानं कळते. भूक असेल तर गुंडाळलेली सोंड आपोआप उलगडते. हे पाहायला मजा येते, पोरांना बोलवा. खंडोबाचा किडा, चतुर, ढालकिडा हे शिकारी, त्यांना साखर काय कामाची. त्यांना पाण्याचा थेंब द्या आणि झाडावर सोडा. ढालकिड्याला मावा लागलेली फांदी मिळाली तर सोनंच.

मुंग्या हा खरा शत्रू. जखमी किडा जमिनीवर ठेवला की तासाभरात रांग लागते. आजी लोणच्याच्या बरणीखाली पाण्याची परात ठेवायची, तसंच करा: परातीत पाणी, मधोमध वाटी पालथी, वाटीवर पान, पानावर रुग्ण. झाकणाची डबी नको, आणि एका रात्रीपेक्षा जास्त मुक्काम नको. काही फुलपाखरं आणि भुंगेरे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, त्यामुळे छान दिसतंय म्हणून ठेवून घेणं तर नकोच. सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं उपचार केंद्र आहे ते मांज्यात सापडलेल्या पाखरांसाठी, प्राण्यांसाठी. तिथं पंख फाटलेला पतंग-किडा नव्हे, मांज्यात अडकलेली घार न्यावी.

कोळ्याच्या जाळ्यातल्या किड्याचं विचाराल तर मी सोडवत नाही. कोळीही उपाशी असतो. जाळं रिकामं, धूळ बसलेलं असेल, तर सोडवते.

शेवटची पायरी: संपवायचं ठरलं तर

मग अर्धवट नको. सगळ्यात मोठी क्रूरता चपलेच्या अर्ध्या फटक्यात असते, आणि ती आपण रोज करतो: झुरळाला एक मारायची, ते पाय झाडत कपाटाखाली गेलं की "जाऊ दे".

डोकं तोडून भागत नाही. कीटकाच्या नसांच्या गाठी डोक्यापासून पोटापर्यंत जागोजाग असतात. बिनडोक झुरळ कित्येक दिवस जगतं. म्हणून अख्खं अंग एका क्षणात चिरडलं गेलं पाहिजे. किडा कागदाच्या घडीत ठेवा, घडी सपाट दगडावर, आणि वरून दुसरा जड, सपाट दगड एकदाच, पूर्ण जोरानं. वरवंटा वापरणार असाल तर घरच्यांना सांगू नका. उघडून खात्री करा.

ज्यांच्या हातून हे होत नाही त्यांनी किडा छोट्या डबीत घालून आधी तासभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, तो थंडीनं सुस्त होतो. मग डबी बर्फाच्या कप्प्यात, एक पूर्ण दिवस. लवकर काढलात तर काही जण परत हालचाल करतात, म्हणून दिवस मोजा. उकळतं पाणी, काडी पेटवून लावणं, फवारा, संडासात टाकून पाणी सोडणं, यातलं काही नको. बहुतेकांत वेळ लागतो. मग कागदासकट कुंडीत.

त्या एका पंखाच्या माशीला आम्ही मारलं नाही. ती चालत होती, आणि साखरेच्या थेंबाला तिनं जीभ लावली. तुळशीच्या मंजिरीवर तिला ठेवलं, कुंडी सावलीत सरकवली. संध्याकाळपर्यंत ती एका मंजिरीवरून दुसरीवर जात होती. सकाळी नव्हती. पोरीनं कुंडीखाली पाहिलं, मुंग्यांची रांग होती, तिनं ती बराच वेळ पाहिली आणि शाळेचा दप्तरवाला ऑटो आला तशी गेली.

कूलरच्या टाकीवर आता जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधलाय. बाजूला एक पसरट मातीचं भांडं आहे, त्यात कन्हान नदीचे गोटे पाण्याच्या वर डोकं काढून. माश्या गोट्यांवर उतरतात, काठावरून पाणी ओढतात आणि जातात. या आठवड्यात एकही बुडालेली नाही. भांड्याचं पाणी रोज बदलते, आणि टाकीचं दर रविवारी तापलेल्या गच्चीवर ओतते, कारण त्यात डासांच्या अळ्या होतात. त्या तिथं दोन मिनिटांत वाळतात. त्यांच्याबद्दल पोरीनं अजून विचारलेलं नाही.